रंग न ओळखणारा विद्यार्थी



वर्धापनदिनी एखाद्या थोर स्त्रीवर बोलायची आपल्याकडे रीत आहे. मी आज एका नापास मुलाविषयी बोलणार आहे. तो मुलगा माझाच.

दहावीनंतर तो साताऱ्याहून सांगलीकडच्या एका तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेला. पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकात त्याचे अडू लागले. रेझिस्टर म्हणून तांदळाएवढी वस्तू असते. ती किती ओहमची, हे तिच्या अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचे. याला तांबडी, तपकिरी आणि हिरवी पट्टी एकसारखीच दिसे. मास्तर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "साध्या पट्ट्या वाचता येत नाहीत, तू कसला इंजिनिअर होणार?" पोरगा वळकटी बांधून घरी आला. आणि मी आई असून त्याला आळशी ठरवले!

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले, तेव्हा उलगडा झाला. हा दोष मुलाला आईकडून येतो आणि बहुधा आईला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. माझे वडील मंडईतून हिरव्या मिरच्या म्हणून निम्म्या लाल घेऊन येत. आम्ही भावंडे पोट धरून हसत असू.

त्या रात्री मी त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत सांगितली. चित्रकार व्हायचे म्हणून ते 1885 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोनेक वर्षांनी कळले, की काही रंग त्यांना ओळखताच येत नाहीत. चित्रकला सुटली. मग रंग न लागणारे यंत्रांचे ड्रॉइंग ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे बढती हुकली. पुढे बेळगावला सायकलींचे दुकान, कडबा कापायचे यंत्र, लोखंडी नांगर. नांगराला गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत!

बेळगावची जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. 1960 पर्यंत या जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हणत. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, हे मला फार नवलाचे वाटते. आपल्या आया-आज्या वाचत ते 'स्त्री' मासिकही 1930 साली याच वाडीतून निघाले.

सगळे ऐकून मुलगा म्हणाला, "आई, त्यांना घरी कुणी आळशी म्हटलं होतं का गं?"

मी गप्प बसले.

बायांनो, पोरांना कॉलेजात घालण्याआधी ती ठिपक्यांची तपासणी करून घ्या. पाच मिनिटांचे काम. आमचे वर्ष गेले.

आता तो मेकॅनिकलला आहे. घरात वायरीचे काम निघाले, की धाकट्या बहिणीला हाक मारतो, "ए, ही हिरवी का तांबडी?" ती सांगते, पण आधी त्याच्याकडून चहा करून घेते.