रक्ताचा कर्करोग आणि तीन शहरांच्या नोंदवह्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात वेलचेरी येथील सभेत दिलेले व्याख्यान)



उत्सवाच्या वर्षात असला विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. विषय सुचविला गेला तेव्हा आम्हांसही थोडा संकोच वाटला. परंतु अड्यारची कर्करोग संस्था वेलचेरीपासून फार दूर नाही, आणि महाराष्ट्रातून एखादे कुटुंब आजारी मुलाला घेऊन या अनोळखी भाषेच्या शहरात उतरले की प्रथम आपल्यापैकीच कोणाचे तरी दार वाजते. त्या वेळी आपण धीराचे दोन शब्द बोलतो. त्यांच्या जोडीला थोडी माहितीही असावी, एवढाच आमचा हेतू.

ही संस्था डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांनी १९५४ साली सुरू झाली. आरंभी खाटा अवघ्या बारा. डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. व्ही. शांता यांनी तिला आकार दिला. शांताबाई २०२१ साली निवर्तल्या, तोवर त्यांचे आयुष्य त्याच आवारात गेले.

मुलांमध्ये रक्ताचा जो कर्करोग अधिक आढळतो, तो तीव्र लसिकापेशींचा. १९४८ पूर्वी त्यावर उपायच नव्हता. त्या वर्षी बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने काही मुलांना तात्पुरता उतार पडल्याचे प्रसिद्ध केले. हे औषध ज्यांच्या देखरेखीखाली तयार झाले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या याच मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. खादी वापरल्यामुळे त्यांचा इंग्रज प्राध्यापक नाराज झाला आणि त्यांना पूर्ण पदवी मिळाली नाही, असे सांगतात. दुसरे एक औषध, व्हिन्क्रिस्टिन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघते.

औषधे होती, तरीही १९७० च्या दशकात भारतातील मोठ्या केंद्रांतसुद्धा पाचातले एक मूलही धड वाचत नव्हते. १९८४ साली मुंबईचे टाटा रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि अड्यार या तिघांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयन मॅग्राथ यांच्या सहकार्याने एकच उपचारक्रम स्वीकारला. त्याचे नाव एमसीपी-८४१. मुंबईकडून डॉ. सुरेश अडवाणी त्यात होते. पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या याच डॉक्टरांनी १९८३ साली टाटामध्ये भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण केले होते. नव्या क्रमानंतर चार वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांखालून पंचेचाळीस ते साठ टक्क्यांवर गेले. १९९० ते १९९७ या काळातील १,०४८ रुग्णांचा हिशेब २००५ साली प्रसिद्ध झाला.

आम्हांला त्या हिशेबातील यशापेक्षा अपयशाची बाजू अधिक मोलाची वाटते. आपली मुले पाश्चात्त्य मुलांहून मागे का पडली, याचे त्यांनी दिलेले प्रमुख कारण असे की आपल्याकडे उपचार चालू असतानाच होणारे मृत्यू जास्त होते. औषधाने रोगट पेशींबरोबर निरोगी पांढऱ्या पेशीही नाहीशा होतात, आणि त्या रिकाम्या काळात साधा जंतूही प्राण घेतो. निदानाला झालेला उशीर, घरची स्वच्छता, रुग्णालय दूर असणे, हे सारे त्यात आले. म्हणजे काही मुले कर्करोगाने नव्हे, तापाने गेली. अशा मुलाला १०१ अंश ताप एकदा जरी चढला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर सकाळची वाट पाहावयाची नसते. रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाच्या आत प्रतिजैविक शिरेतून गेले पाहिजे. गोळी देऊन ताप उतरविणे आणि झोपू देणे, ही आपल्या घरांतली मायेची रीत येथे घातक ठरते.

रक्ताचा कर्करोग कापून काढता येत नाही, मग शल्यविशारदाचे काम काय, असे कोणी विचारील. काम आहे, आणि ते अवघड आहे. औषधासाठी छातीच्या त्वचेखाली डबी व नळी बसवावी लागते. बिंबाणू कमी असतील तर तेथे रक्तस्राव होतो, पुढे नळीत जंतू वस्ती करतात. त्याहून बिकट प्रसंग पोटाचा. पांढऱ्या पेशी नसताना मोठ्या आतड्याचा आरंभीचा भाग सुजतो, दुखणे अगदी अपेंडिक्ससारखे. पण पू धरावयाला पेशीच नाहीत, म्हणून पोट हाताला मऊ लागते आणि आत काय चालले आहे ते कळत नाही. उघडावे तर जखम भरत नाही, न उघडावे तर आतडे फुटण्याची भीती. पुष्कळदा थांबणे हाच शहाणपणा असतो, पण तो मोठ्या धीराचा.

या गुंतागुंती मोजावयाच्या कशा? शल्यविशारदांनी १९९२ साली एक पद्धत मांडली आणि २००४ साली ती सुधारली. गुंतागुंत निस्तरण्यासाठी काय करावे लागले, यावरून तिची पायरी ठरते. मृत्यू ही पाचवी पायरी. ‘किरकोळ’ या शब्दाआड लपण्याची सोय त्यामुळे उरली नाही. नोंदीची ही शिस्त आपल्याला सर्वस्वी परकी नाही. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांच्या काळातील नेत्ररोग्यांचे कागद, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महालात आजही आहेत. मराठी राजाने तमिळ देशी ठेवलेले हे दप्तर आम्हांला त्यांच्या ग्रंथसंग्रहाइतकेच अभिमानास्पद वाटते.

आज प्रगत देशांत अशी दहापैकी नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे अंतर कमी होत आहे. पण उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात, आणि पैसे, नोकरी, गावाकडची शेती यांपायी कित्येक कुटुंबे मध्येच परततात. उतार पडलेले मूल बरे झाल्यासारखेच दिसते, म्हणून परतणे सोपे जाते. राहण्याची खोली, तमिळमध्ये बोलणारे माणूस आणि रात्री गाडी, एवढे मिळाले तरी त्यांतली काही थांबतील, असा आमचा विश्वास आहे.

शेवटी बिंबाणूंविषयी. रक्ताची पिशवी शीतकपाटात महिनाभर टिकते, बिंबाणूंची मात्र पाचच दिवस. त्यामुळे वर्षातून एकदा भरणारे शिबिर येथे पुरेसे नाही, आणि लांबच्या सुट्ट्यांत दाते गावी गेले की तुटवडा होतो. दर आठवड्याला कोणीतरी हवा. बाहेरच्या टेबलावर चिटणिसांनी वही ठेवली आहे; नाव, रक्तगट आणि येथे असणार ते महिने लिहावेत. चहा झाल्यावर अर्धा तास आम्ही तेथेच बसणार आहोत.