सातबारा, घरबसल्या

नवं संकेतस्थळ वापरून बघायचं, तर सुरुवात आपल्या गरजेच्या कामानं करावी. शेतकऱ्यांनी ती महाभूमी या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळापासून करावी, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या महाभूलेख या भागात जमिनीचा सातबारा फुकट दिसतो; पण तो माहितीपुरता, कचेरीत चालत नाही. कचेरीच्या कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा. तो 15 रुपयांत मिळतो आणि त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. जिल्हा, तालुका, गाव निवडा, गट क्रमांक टाका, पैसे भरा, उतारा उतरवून घ्या. मात्र पैसे भरण्याआधी संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचा. त्यातल्या संकेतस्थळाच्या नावाचा शेवट ‘महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ असाच हवा. आणि मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही, अगदी ओळखीच्या माणसालाही, सांगू नका.