लग्नविधीचा कागद आपणच लिहावा
(धुळे जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षकाने केलेले भाषण)



कापूस घरात आला, रब्बीची मळणी उरकली, की आपल्या जळगाव-धुळ्याकडे लगीनसराई सुरू होते. मांडव, वाजंत्री, जेवणावळी यांचा खल घरोघर महिनाभर चालतो. परंतु ज्या घटकेसाठी हा खटाटोप, त्या घटकेस नवरानवरी कोणते वचन देणार, याची चौकशी कोणी करीत नाही. बाजारात बैल घेतला तरी आपण पावती वाचून घेतो; आणि लेकीच्या जन्माचा करार तिला न कळणाऱ्या भाषेत होऊ देतो! आम्ही मास्तर शाळेत अर्थ सांगितल्यावाचून कवितादेखील पाठ करून घेत नाही.

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच वर्षी २५ डिसेंबरास सीताराम आल्हाट व राधाबाई निंबणकर यांचे लग्न भटजीवाचून लागले. पुढे १८८७ साली जोतीरावांनी मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक काढले. त्यातील नवरी मुकी नाही. ती स्त्रियांच्या हक्कांविषयी नवऱ्याकडे वचन मागते. ही गोष्ट एकट्या महाराष्ट्राचीही नव्हे. तिकडे मद्रास राज्यात पेरियार यांच्या चळवळीतील स्वाभिमान विवाहांना १९६७ साली कायद्याची मान्यता मिळाली.

मग आपण काय करावे? वहीचा एक कागद घ्यावा. प्रथम पाहुण्यांचे स्वागत. मग दोन्ही घरांची ओळख, तीत आईचेही नाव घ्यावे. हळदीच्या अहिराणी गाण्यांना जागा ठेवावी, ती आपल्याच आयाबहिणींची ठेव आहे. मग मराठी मंगलाष्टके, वचने, हार आणि फुले. वचने चारच असोत, पण पाळण्याजोगी असोत: हुंडा घेतला नाही, तिचे शिक्षण थांबणार नाही, घराच्या उताऱ्यावर तिचे नाव लागेल, दोघांच्या आईबापांना दोघे सांभाळतील. हा मसुदा आठ दिवस आधी मुलीच्या हाती द्यावा. तिने एखादे वाक्य खोडले, तर ते खोडलेलेच राहावे. प्रती काढण्यास गावातील सातवीची पोरे पुरेशी आहेत.

कोणी म्हणेल, असे लग्न कायद्यात बसेल काय? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे ७ वे कलम वधू किंवा वर यांच्या घरच्या रूढीप्रमाणे लग्न लावण्यास मुभा देते. रूढीबद्दल वाद निघेलसे वाटल्यास १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली महिनाभर आधी नोटीस देऊन लग्न करावे. मुलीस १८ व मुलास २१ वर्षे पुरी हवीत, हे तर आधी पाहावे.

म्हातारी माणसे म्हणतील, मंत्रावाचून अशुभ होईल. त्यांना आमचे नम्रपणे सांगणे इतकेच की, आजवर मंत्रांनी लागलेल्या किती लग्नांतल्या लेकी हुंड्यापायी रडत माहेरी आल्या, ते आपापल्या भाऊबंदांतच मोजावे. शुभाशुभ वागणुकीत आहे.

जेवणाची चव चार दिवसांत विसरते. हा कागद पेटीत राहतो, आणि वचन मोडणाऱ्यापुढे ठेवता येतो.