धरणाचा खर्च का वाढतो?

मंडळी, आज आपण हिशेबाची गोष्ट बोलू. हिशेब एका मोठ्या धरणाचा आहे.

भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगा नदीवर गोसीखुर्द धरण आहे. १९८३ साली या कामाला मंजुरी मिळाली. तेव्हा खर्चाचा अंदाज होता ३७२ कोटी रुपये. १९८८ साली पायाभरणी झाली. २०१६ साली सुधारलेला अंदाज निघाला, तो १८,४९४ कोटी रुपये! म्हणजे जवळजवळ पन्नास पट.

एवढा पैसा गेला कुठे? सगळा चोरांनी खाल्ला, असे लोक म्हणतात. चोरी होतेच. पण आम्ही म्हणतो, कारणे एकाहून अधिक आहेत. ती समजून घेऊ.

पहिले कारण वेळ. समजा, तुम्ही घर बांधायला काढले. यंदा पाया, दोन वर्षांनी भिंती, मग पैसा येईल तसे छप्पर. तोवर विटा महागल्या, गवंड्याची मजुरी वाढली. धरणाचेही तसेच. पैसा थोडा थोडा मिळतो, काम रेंगाळते, भाव मात्र थांबत नाहीत.

दुसरे कारण जमीन. ज्यांची शेते नि घरे पाण्यात जातात, त्यांना मोबदला द्यावा लागतो, नवी गावठाणे वसवावी लागतात. हा खर्च आधी कमी धरला जातो. गोसीखुर्दच्या लोकांसाठी २०१३ साली सुमारे १,२०० कोटींचे वेगळे पॅकेज द्यावे लागले. गाव सोडणाऱ्याचे दुःख काही कागदावरच्या आकड्यात बसत नाही, बरं का!

तिसरे कारण, काम मध्येच बदलते. नवे कालवे, नव्या उपसा योजना जोडल्या जातात.

चौथे कारण, वाईट काम. इथल्या डाव्या कालव्याचे अस्तर निकृष्ट ठरले. एकच काम दोनदा केले, की खर्चही दोनदा.

पाचवे कारण, मंजुरी लवकर मिळावी म्हणून पहिला आकडाच लहान दाखवतात.

याची झळ कुणाला? ज्याचे शेत कोरडे राहिले त्याला. बापाने पाण्याची वाट पाहिली, आता मुलगा पाहतो आहे.

मग आपण काय करावे? आता आपल्याला वाचता येते. कामावरची पाटी वाचा. खर्च किती, मुदत कधीची, ठेकेदार कोण, ते पाहा. ग्रामसभेत विचारा. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने कागद मागता येतात. पैसा आपला आहे. त्याचा हिशेब विचारायला लाजू नका.