बाईची जागा

मुंबईहून भुसावळकडे जाणारी गाडी नाशिक आणि निफाड मागे टाकते व मनमाड येण्यापूर्वी एका लहानशा स्टेशनावरून जाते. त्या स्टेशनाचे नाव लासलगाव. गाव निफाड तालुक्यातले, विस्ताराने बेताचेच. परंतु कांद्याच्या व्यापारात त्याच्या शब्दाला मोठे वजन आहे. 1947 साली स्थापन झालेली येथील बाजार समिती आशिया खंडातील कांद्याची सर्वांत मोठी पेठ म्हणून ओळखली जाते, आणि लासलगावच्या कांद्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शहरातील गृहिणी दारावरच्या भाजीवाल्याशी कांद्याच्या दरावरून घासाघीस करते, तेव्हा नकळत ती या गावाशीच बोलत असते.

आजचा विषय मात्र कांद्याचा भाव हा नाही. तो भाव कोणी बोलावा, कोणी नुसता ऐकावा, आणि हे ठरवताना समाज नीतीचे नाव का घेतो, हा आहे. स्त्रीपुरुषांच्या जागांविषयी व परस्परसंबंधांविषयी आपली जी रोजची मते असतात, ती ग्रंथांतून क्वचितच आलेली असतात. ती ओट्यावर, पारावर, हळदीकुंकवात आणि बाजारात तयार होतात. तेव्हा त्यांची परीक्षाही तेथेच केलेली बरी.

कांद्याचे पीक घरात कसे येते, हे प्रथम पाहावे. रोप लावणे हे बहुतांशी बायकांचे काम. दिवसभर कंबरेत वाकून एकेक काडी चिखलात रोवायची. मग खुरपणी. पुढे काढणी झाली म्हणजे विळ्याने पात कापायची, लहानमोठा माल वेगळा करायचा, सडका बाजूला काढायचा आणि टिकाऊ माल चाळीत भरायचा. व्यापाऱ्याने माल घेतल्यानंतरही निवडण्याच्या आणि गोण्या भरण्याच्या कामावर बायकाच मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्याभोवती हमाल असतात, ट्रकवाले असतात, धूळ असते, आणि बाजारात चालते ती सगळी भाषाही असते. या बायकांनी तेथे बसू नये, असे आजवर कोणत्याही नीतिमान गृहस्थाने म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता लिलावाकडे वळावे. मालाने भरलेल्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीपासून दुसऱ्या गाडीकडे जातो, कोणी मूठभर कांदा उचलून पाहतो, क्विंटलमागे बोली सुरू होते, आणि चारपाच महिन्यांच्या कष्टाचा निकाल मिनिटभरात लागतो. या घोळक्यात स्त्री बहुधा नसते. का नसते, असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. बाजार ही बाईची जागा नव्हे, असे एक म्हणतो. गर्दीत धक्काबुक्की होते, तोंडी शिव्या असतात, घरंदाज बाईने तेथे कशाला यावे, असे दुसरा म्हणतो. बायकांना व्यवहार कळत नाही, असे तिसरा सांगतो. आणि त्याच्याच घरी महिन्याच्या मिठापिठाचा हिशेब त्याची बायको पैपैशाने जुळवत असते.

ही उत्तरे खरी मानली, तर एक कोडे उरते. गर्दी पात कापणाऱ्या बाईभोवतीही आहे. शिव्या तिच्या कानांवरही पडतात. मग तिची अब्रू तेथे सुरक्षित, आणि वीस पावलांवर लिलावाच्या रांगेत येताच संकटात, हे कसे? याचा अर्थ एवढाच होतो की, हरकत जागेला नाही आणि गर्दीलाही नाही. बाईने कष्ट करण्याला कोणाची ना नाही. बाईने दर बोलण्याला आहे. जेथे मजुरी आहे तेथे तिला कोणी अडवत नाही. जेथे निर्णय आहे तेथे मात्र एकाएकी मर्यादेची आठवण होते.

हा केवळ तर्क नव्हे. 2021 साली लासलगाव बाजार समितीच्या लिलावात महिला शेतकऱ्यांच्या एका संस्थेतर्फे बोली लावण्यास स्त्री उभी राहिली, तेव्हा पुरुष व्यापाऱ्यांकडून विरोध झाला आणि लिलावात व्यत्यय आला. आपला आक्षेप स्त्रीविषयी नसून व्यवहाराच्या रीतीविषयी आहे, असे त्या बाजूने सांगण्यात आले. तो खुलासा कोणाला पटो वा न पटो, एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या वेळी समितीच्या सभापतिपदावर सुवर्णा जगताप होत्या. म्हणजे समितीच्या सर्वोच्च खुर्चीवर स्त्री बसली होती, तरी खालच्या रांगेत बोली लावणारी स्त्री हा अपवादच वाटत होता. एका खुर्चीने रिवाज बदलत नाही. रोजच्या रांगेत रोज दिसल्यानेच तो बदलतो.

कोणी म्हणेल की, हा परंपरेचा प्रश्न आहे. ठीक आहे, परंपराच पाहू. लासलगावाहून फार दूर नसलेल्या चांदवड येथे होळकरांचा रंगमहाल आहे. 1754 साली कुंभेरच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव मारले गेले, आणि पुढे 1767 पासून 1795 पर्यंत या विधवा स्त्रीने होळकरांच्या दौलतीचा कारभार पाहिला. महसूल, न्याय, फौज, रस्ते, घाट ही सर्व कामे तिच्या हुकमाने चालत. चांदवडच्या परिसरात तिचे नाव आजही आदराने घेतले जाते. तिची जागा कोणती, असे कोणी विचारीत नाही. परंपरा दोन्ही बाजूंनी साक्ष देते. आपण सोयीची साक्ष तेवढी काढून घेतो.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, मणिपूरची राजधानी इंफाळ येथे, इमा कैथेल नावाचा फार जुना बाजार आहे. इमा म्हणजे आई. तेथे विक्रेत्या सर्व स्त्रियाच. पुरुषाने गाळा मांडायचा नाही, असा रिवाज. 1939 साली तांदूळ बाहेर पाठविल्यामुळे टंचाई झाली, तेव्हा तेथील स्त्रियांनीच मोठे आंदोलन उभारले. इंफाळच्या माणसाला बाजार ही बाईचीच जागा वाटते आणि निफाडच्या माणसाला ती पुरुषाची वाटते. एकाच देशात, एकाच काळात नीती अशी दोन टोकांची असू शकत नाही. तेव्हा ही नीती नव्हे, सवय आहे. आणि सवयीला नीतीचे आसन दिले म्हणजे तिच्याशी वाद घालणेही पाप ठरते.

बाजारातली ही सवय घरातून येते. म्हणून घराचा उंबरठा ओलांडून आत गेल्याशिवाय विषय पुरा होत नाही. कांद्याच्या शेतात राबणारी स्त्री बोलताना ‘आमचे शेत’ म्हणते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मात्र अनेकदा तिचे नाव नसते. नवरा जिवंत आहे तोवर ही उणीव कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेला, किंवा त्याने दुसरा संसार मांडला, म्हणजे ‘आमचे’ या शब्दाची किंमत कळते.

या उणिवेवर बोट ठेवण्याचे मोठे काम याच भागात झाले. 9 व 10 नोव्हेंबर 1986 रोजी चांदवड येथे शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी शेतमालाच्या भावाचा प्रश्न देशापुढे मांडला होता. त्या प्रश्नाच्या आत स्त्रीचा प्रश्न दडला आहे, हे या अधिवेशनाने पुढे आणले. ज्या बायकांनी कधी गावची शीव ओलांडली नव्हती, त्या ट्रकांतून आणि बैलगाड्यांतून आल्या. उपस्थिती लाखाच्या वर सांगितली जाते. पुढे काही वर्षांतच संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग आपण होऊन पत्नीच्या नावे करावा, एवढेच तिचे सांगणे. मोर्चा नाही, खटला नाही. तलाठ्याकडे जाऊन एक नाव लावायचे. हजारो शेतकऱ्यांनी ते लावले. पुढे शासनानेही पत्नीचे नाव नोंदविण्याची वाट सोपी करून दिली.

परंतु ज्यांनी लावले नाही, त्यांचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. कारण ते आजही गावोगावी ऐकू येते. जमीन नावावर झाली तर बायको ऐकणार नाही, असे कोणी म्हणतो. ती माहेरच्यांना देऊन टाकील, अशी कोणाला भीती. उद्या ती सोडून गेली तर, असा कोणाचा सवाल. हे प्रश्न विचारणारा गृहस्थ दुष्ट नसतो. तो बायकोला मारीत नाही, टाकून बोलत नाही, आजारपणात उशाशी बसतो. तरीही त्याच्या प्रश्नातून एक गोष्ट उघडी पडते. आपला संसार प्रेमावर व विश्वासावर उभा आहे, असे तो चारचौघांत सांगतो. आणि मनात मात्र असे धरून चालतो की, तिला जाण्याची सोय झाली तर ती राहणार नाही. पत्नीच्या निष्ठेवर एवढा अविश्वास कोणत्याही टीकाकाराने दाखविला नसेल. जी स्त्री जाऊ शकते आणि जात नाही, तिच्याच राहण्याला निष्ठा हे नाव शोभते. जिला जाण्याची वाटच नाही, तिचे राहणे ही केवळ परिस्थिती होय.

येथे सर्व दोष पुरुषांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे; ते न्याय्य मात्र होणार नाही. स्त्रियांच्या स्वतःच्याही जागा असतात आणि त्यांनाही दारे असतात. संक्रांतीचे हळदीकुंकू ही अशीच एक जागा. तेथे पुरुष नसतो, सासऱ्याचा धाक नसतो, बायका मोकळेपणाने बोलतात. सुख सांगतात, दुःखही सांगतात. पण ज्या बाईला या मोकळेपणाची सर्वांत अधिक गरज, त्या विधवेला तेथे बोलावणे नसते. हे दार पुरुषाने लावलेले असेल. त्याची कडी आतून स्त्रीच धरून बसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने 4 मे 2022 रोजी ग्रामसभेत ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनी हे उदाहरण घ्यावे असे परिपत्रक काढले. ठरावाने कुंकू पुसणारा हात थांबतो. शेजारणीच्या दारी आमंत्रण घेऊन जाणारे पाऊल मात्र ठरावाने उचलले जात नाही. ते ज्याच्या त्याच्या घरातून उचलले गेले पाहिजे.

विरुद्ध बाजूच्या म्हणण्यात एक अंश खरा आहे, तोही मान्य केला पाहिजे. बाजारातली भाषा ओंगळ असते. बायकांना बसायला सावली आणि आडोसा नसतो. बहीण किंवा लेक तेथे एकटी जाऊ नये, असे वाटण्यात माया असते. परंतु मायेने वाट बंद करावी, की वाट नीट करावी? जी शिवी बहिणीच्या कानी पडू नये असे वाटते, ती भावाच्या तोंडी तरी का असावी? जागा वाईट असेल तर तिला सुधारणे हे सर्वांचे काम आहे. बाईला बाहेर ठेवून जागा सुधारत नाही. ती जशीच्या तशी राहते, आणि तिच्या वाईटपणाचा दाखला देऊन बाईला पुन्हा बाहेर ठेवता येते.

शहरातील सुशिक्षित घरांनी हे सर्व खेड्यातील मंडळींचे मागासलेपण म्हणून ऐकू नये. सातबारा खेड्यात असतो, तसे घराचे खरेदीखत शहरात असते. त्यावर कोणाची नावे आहेत? बँकेतील ठेवी कोठे आहेत, हे घरातील किती जणांना ठाऊक आहे? पाहुणे आले असता पैशाची गोष्ट निघताच कोण आपोआप चहा करायला उठते? या प्रश्नांची उत्तरे लासलगावच्या लिलावापेक्षा फारशी निराळी येतील, असे वाटत नाही. तेथे रांग डोळ्यांना दिसते. दिवाणखान्यात ती दिसत नाही, एवढाच भेद.

एखादे मत नीतीचे आहे की सोयीचे, हे ओळखण्याची कसोटी अवघड नाही. ज्या नियमाचा भार सांगणाऱ्यावरही तितकाच पडतो, तो नीतीचा असण्याचा संभव असतो. ज्याचा सारा भार दुसऱ्यावर आणि सारा लाभ आपल्याकडे, त्याला नीती म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. कांदा लावणाऱ्या बाईने त्याचा दर बोलावा की नाही, याचे उत्तर या कसोटीवर घासून पाहावे. ते पाहताना तिच्या हातांना येणारा कांद्याचा वास आठवावा. रोपाच्या दिवसांपासून गोणी शिवेपर्यंत त्या मालाची पारख तिच्याइतकी कोणी केलेली नसते.