यात्रेकरूची शिल्लक
इ.स. ११५० मध्ये भास्कराचार्यांनी रचलेल्या ‘लीलावती’त एका यात्रेकरूच्या खर्चाचे उदाहरण येते. त्याने जवळची निम्मी रक्कम प्रयागला, उरलेल्याचा दोन नवमांश भाग काशीला, त्यापुढील शिलकीचा पाव भाग वाटेतील जकातीला आणि पुन्हा जे उरले त्याचे सहा दशांश गयेला खर्च केले. घरी परतताना ६३ निष्क, म्हणजे त्या काळची नाणी, उरली. प्रत्येक अपूर्णांक मूळ रकमेचा नसून त्या-त्या वेळच्या शिलकीचा आहे, आणि विद्यार्थी नेमके इथेच चुकतात; म्हणून खर्चलेल्या भागांची बेरीज न करता उरलेल्या भागांचा, म्हणजे १/२, ७/९, ३/४ आणि २/५ यांचा, गुणाकार करावा लागतो. तो ७/६० येतो. मूळ रक्कम ‘क्ष’ मानल्यास क्षचे ७/६० म्हणजे ६३, म्हणून क्ष ५४० निष्क. ‘इष्टकर्म’ या जुन्या रीतीत आधी सोयीची संख्या मानतात: ६० घेतल्यास ७ उरतात, प्रत्यक्षात त्याच्या नऊपट उरले, म्हणून ६० ची नऊपट. समीकरणाइतकीच ही रीतही शाळेत शिकवण्याजोगी आहे. नागपूरच्या विद्यार्थ्यांनी आता हे सोडवावे: इतवारीत निम्मे पैसे आणि सीताबर्डीवर उरलेल्याचा तिसरा हिस्सा खर्चून ४०० रुपये उरले, तर घरून किती रुपये नेले होते?