भाडेकरूच्या संसाराचे संरक्षण
(भाडेकरूंच्या मेळाव्यातील भाषण)



भाडेकरूंच्या चळवळीने डोक्यावरचे छप्पर टिकविण्यासाठी दीर्घ लढा दिला. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आणि ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा यांनी भाडेकरूला मनमानी बेदखलीपासून संरक्षण दिले. जागा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारीही कायद्याने मालकावर टाकली. परंतु त्या छपराखालच्या संसाराचे काय, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीकाठी कुर्ला, कालिना भागांत तळमजल्यांवरील घरांत पाणी शिरले. भिंती उभ्या राहिल्या. नासला तो संसार. धान्य, गाद्या, कपाट, शिलाईयंत्र, मुलांची पुस्तके. मालकाने इमारतीचा विमा उतरविला असला, तरी तो मालकाच्या मालमत्तेपुरता असतो. भाडेकरूच्या कपाटाशी त्याचा काही संबंध नसतो.

अशा प्रसंगी पंचनामे होतात आणि सरकार सानुग्रह मदत जाहीर करते. तिचे स्वरूप त्या शब्दातच आहे. ती अनुग्रह म्हणून मिळते. विम्याची भरपाई मात्र करारातून येणारा हक्क असतो. शेकडो कुटुंबांनी थोडे थोडे द्यायचे आणि ज्याच्यावर आपत्ती कोसळेल त्याला सावरायचे, हे विम्याचे मूळ तत्त्व आहे. श्रमिकांना ते परके नाही.

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र लागू आहे. त्यात आग, पूर, भूकंप, दंगल इत्यादींमुळे होणारी हानी भरून मिळते आणि इमारत सोडून केवळ घरातील सामानाचाही विमा उतरविता येतो. तरीही त्याची मांडणी घरमालकाला नजरेसमोर ठेवून झालेली दिसते. इमारतीचा विमा घेणाऱ्यास तिच्या विमा रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपयांचे, सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. भाडेकरूने मात्र सामानाची किंमत स्वतः सांगून विमा मागावा लागतो. शिवाय आगीपुरासारख्या आपत्तीमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीच यात येते; एरवीच्या घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. दागिन्यांसाठीही स्वतंत्र तरतूद करावी लागते. सही करण्यापूर्वी या अटी वाचल्याच पाहिजेत.

सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले. १०७ विमा संस्थांमधून चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. सामान्य माणसापर्यंत विमा पोहोचविणे हे त्यांचे कर्तव्य होते. २०२१ च्या दुरुस्तीने या कंपन्यांत सरकारचा किमान ५१ टक्के वाटा असण्याची अट काढून टाकली. मालकी सरकारची असतानाही जो विमा चाळीच्या जिन्यापर्यंत आला नाही, तो केवळ नफ्याच्या ओढीने येईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. प्रत्येक चाळीत सामानाच्या याद्या, छायाचित्रे, खरेदीच्या आणि भाड्याच्या पावत्या जमवून त्यांच्या प्रती घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी. दावा उभा राहतो तो याच पुराव्यावर. दुसरे, भाडेकरूंच्या संघटनांनी सरकारी विमा कंपन्यांकडे अल्प हप्त्याच्या सामूहिक विम्याची मागणी करावी. मालकाच्या भिंतीला जर संरक्षण मिळते, तर कष्टकऱ्याच्या आयुष्यभराच्या मिळकतीला ते का मिळू नये?